लाल पिशवी आली की मोटार बंद

३ नोव्हेंबर

मेहुणेबुवा,

वरच्या स्थानकाकडून खालच्या स्थानकाला एक घंटा!

फोन केला असता, पण फोनवर तू नुसता "हं, हं" करत टीव्ही बघतोस हे मला पक्कं ठाऊक आहे. शिवाय सोबत एक कागद पाठवायचा होता. तो आधी वाचू नकोस, माझं पत्र आधी वाच.

बातमी अशी, की आपली बाग पन्नास वर्षांची होतेय आणि म्हणून त्यांना एकदम आपली आठवण आलीय. गेल्या आठवड्यात बागेच्या कचेरीतून एक पोरगी घरी आली. पंचविशीची असेल, गळ्यात ओळखपत्र, हातात वही. म्हणाली, "काका, बागेतल्या बागेत माणसांची ने-आण करणाऱ्या ज्या सफरी बंद पडल्या ना, रोपवे, छोटी रेल्वे, एकरुळी गाडी, होडी, त्या सगळ्यांचं आम्ही एक दालन करतोय. तुम्हाला काय काय आठवतं?" मी म्हटलं, बाई, त्यातल्या निम्म्या सफरी फक्त न्यायच्या. परत आपापल्या पायांनी यावं लागायचं.

मग मी जो सुटलो, तो तुझ्या बहिणीने दोनदा चहा आणून ठेवला तरी थांबलो नाही. छोटी रेल्वे सांगितली. तिचा चालक, आपला भोंगा, वळणावर सगळ्यांना खाली उतरवून गाडी ढकलायला लावायचा आणि पुन्हा चढताना त्यांचीच तिकिटं तपासायचा, ते सांगितलं. एकरुळी गाडी उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांसकट अडकली आणि पुढे दोन वर्षं तिने तो शिरस्ता मोडला नाही. शेवटी खांबांवर वेली सोडून तिथे 'हरित मार्ग' अशी पाटी लावली, ते सांगितलं. होडीवाल्याला पोहता येत नव्हतं, म्हणून स्वतः दोन जाकिटं घालून तो प्रवाशांना "घाबरायचं काही कारण नाही" म्हणायचा, तेही सांगितलं. पोरगी हसून हसून लिहायची थांबली.

आणि आता खरी गोष्ट. वीस डिसेंबरला, रविवारी, दालनाची फीत मी कापणार आहे! पत्रिकेत 'रोपवेचे ज्येष्ठ चालक' असं छापणार आहेत. आता खरं तर मोटार खाली तुझ्याकडे, लिव्हर तुझ्याकडे. मी वर टेकडीवर माणसांना पाळण्यात कोंबायचो आणि घंटा वाजवायचो. एक घंटा म्हणजे सोड, दोन म्हणजे थांबव, तीन म्हणजे म्हातारं माणूस बसतंय, हळू घे. एवढंच माझं चालकपण. पण ज्येष्ठ म्हटलं की मान आपोआप ताठ होते. कोट शिवायला टाकलाय.

सोबतचा कागद म्हणजे रोपवेच्या फलकाचा मजकूर. पोरीने मला तपासायला दिलाय. वाच:

"रोपवे : प्रवेशद्वारापासून तळ्यापलीकडील टेकडीपर्यंत जाणारी चोवीस पाळण्यांची ही सफर अकरा वर्षे चालली. खालच्या स्थानकावरील कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे एक ज्येष्ठ महिला प्रवासी तळ्यावर अडीच तास अडकून पडल्याने ती कायमची बंद करण्यात आली."

बघ, तुझीही आठवण ठेवलीय. नाव नाही घातलं, पण आपल्या सगळ्यांना कळतंच. लेकीला आणि नातीला घेऊन ये. मी फीत कापतो, तू टाळ्या वाजव.

तुझी ताई बरी आहे. डॉक्टरने माझं मीठ बंद केलंय, त्यामुळे तिच्या हातचं आता कसंही लागलं तरी दोष डॉक्टरचा.

तुझा,
ज्येष्ठ चालक


९ नोव्हेंबर

भाऊजी,

तुमचं पत्र टीव्ही बंद करून वाचलं. कागदही वाचला. तुमची आज्ञा मोडून आधी कागदच वाचला.

काही दुरुस्त्या सुचवतो. तिकिटं भोंगा आपल्या मनाने तपासत नव्हता, त्याला तो उद्योग तुम्ही शिकवला होता. होडीवाल्याच्या अंगावर तीन जाकिटं असायची, तिसरं आतून. आणि एकरुळी गाडी दोन वर्षं अडकत नव्हती. मधे सहा महिने ती चालतच नव्हती, तेव्हा अडकायचा प्रश्न नव्हता. ज्येष्ठ चालकाने माहिती देताना जरा जपून द्यावी.

तुमचा सन्मान होतोय याचा आनंद आहे. कोट काळा घेऊ नका, तुमच्या खांद्यावरचा कोंडा दिसेल.

मला मात्र यायला जमणार नाही. गुडघे. शाळेची बस इतकी वर्षं चालवली, की क्लच दाबून दाबून डाव्या गुडघ्याने आता राजीनामा दिलाय.

लेक यायचं म्हणतेय. पत्रिका तिच्या फोनवर आधीच पोचलीय. पण तिला मी अजून हो म्हटलेलं नाही. त्याचं असं आहे, की नात आता सात वर्षांची झाली आणि तिला वाचायचा नाद लागलाय. रस्त्यात दिसेल ती पाटी घसा ताणून वाचते. दवाखान्याची, दुकानाची, "येथे थुंकू नये" सुद्धा. वाचून झालं की विचारते, "आजोबा, म्हणजे काय?" अजून तिला 'निष्काळजीपणा' हा शब्द भेटलेला नाही. तिची आणि त्या शब्दाची गाठ तुमच्या दालनात घालून द्यायची मला घाई नाही. तिला मी एवढंच सांगितलंय, की तुझा आजोबा माणसांना आकाशात पाठवायचा. तिच्या वर्गात ते सगळ्यांना माहीत आहे.

फलकाची भाषा छान आहे. शुद्धलेखनाची चूक एकही नाही. तुम्ही तो तपासलाय म्हणता, तेव्हा बाकी मी काय बोलणार.

ताईला सांगा, मी ठीक आहे.

तुमचा मेहुणा


१४ नोव्हेंबर

मेहुणेबुवा,

गुडघ्याला तेल लाव आणि नाटकं बंद कर. मागच्या महिन्यात तू भाजीबाजारात धावत रिक्षा पकडलीस, हे तुझ्याच लेकीने तुझ्या बहिणीला सांगितलंय.

खरी गोम कुठे आहे ती मला कळली. तुला लाज वाटतेय. अरे बाबा, सव्वीस वर्षं झाली! माणूस आहे तिथे चूक होणारच. मी तर तुला केव्हाच माफ केलं. माझ्या मनात काडीएवढंसुद्धा काही नाही. उलट आता तो किस्सा मी इतका रंगवून सांगतो, की लोक पुन्हा सांगायला लावतात. परवाच कोपऱ्यावरच्या दाढी-कटिंगच्या दुकानात सांगितला. एका गालाला साबण लावलेलं गिऱ्हाईक तसंच बसून राहिलं.

आपल्या बागेच्या साहेबांच्या सासूबाई कशा धापा टाकत टेकडीवर आल्या, मी त्यांना चौदा नंबरच्या पाळण्यात कसं बसवलं, तीन घंटा वाजवल्या, आणि पाळणा बरोबर तळ्याच्या मध्यावर गेल्यावर मोटार कशी गप्प झाली! मी दोन्ही हातांनी घंटा बडवतोय, तुझ्या नावाने बोंब ठोकतोय, खालून काही उत्तर नाही. मग तळ्याला वळसा घालून धावत खाली येतोय तर मोटारीच्या खोलीला हे मोठं कुलूप, किल्ली तुझ्या खिशात, आणि तू चपलांच्या दुकानात! वर सासूबाई मजेत शेंगा सोलतायत आणि टरफलं खालच्या होडीत टाकतायत. साहेब काठावरून ओरडतायत, "आई, हलू नका!" आणि त्या वरून म्हणतायत, "तुम्ही घरी जा, मी येते नंतर!"

यात तुझी बदनामी कुठे आहे? यात तर तू खलनायकसुद्धा नाहीस, नुसता धांदरट आहेस. आणि चौकशीत तू सरळ "माझी चूक झाली" म्हणालास, ते मी दरवेळी आवर्जून सांगतो. माणूस प्रामाणिक, म्हणतो मी, फक्त डोकं ठिकाणावर नव्हतं.

तेव्हा ये. नातीला मी समजावून सांगेन.

तुझा,
भाऊजी


१८ नोव्हेंबर

भाऊजी,

तुमची माफी मिळाली. घरात ठेवायला जागा नाही, म्हणून परत पाठवत आहे.

एक प्रश्न विचारतो. संध्याकाळी दोरीवर माणूस उरलं नाही, आता मोटार बंद करायची, हे मला खाली कसं कळायचं?

नियम असा होता, की तिकीट बंद झालं, वरची शेवटची माणसं उतरायला बसली, की त्यांच्यामागच्या रिकाम्या पाळण्यात तुम्ही लाल निशाण ठेवायचं. निशाण खाली आलं की दोरी रिकामी. मग मी लिव्हर ओढायचा आणि कुलूप लावायचं. दोन स्थानकांच्या मधे फोन होता, पण त्यातून तळ्यातल्या बेडकांशिवाय कुणाचा आवाज आला नाही.

मग निशाण फाटलं. साहेबांकडे नवीन मागितलं तर ते म्हणाले, अर्ज करा. तुम्ही फाटलेलं घरी नेलं आणि ताईने त्याची तुमच्या जेवणाच्या डब्यासाठी पिशवी शिवली. तेव्हापासून शेवटच्या पाळण्यात तुम्ही रिकामा डबा घातलेली ती लाल पिशवी ठेवायचात. मी ती उतरवून घ्यायचो, मोटार बंद करायचो आणि तुम्ही पायऱ्यांनी खाली आलात की तुमच्या हातात द्यायचो. सहा वर्षं आपण असंच केलं. बागेत ही गोष्ट दोघांनाच माहीत होती. त्यातला एक मी.

आता आठवून सांगा. त्या दिवशी लाल पिशवी कितव्या पाळण्यातून खाली आली? आणि सासूबाई कितव्या पाळण्यात होत्या?

आठवलं तर लिहा. नाही आठवलं तर फीत कापा.

मेहुणा


३ डिसेंबर

मेहुण्या,

पंधरा दिवस पत्र लिहिलं नाही. लिहायला बसलो की तुझा तो प्रश्न समोर यायचा आणि मी पेन ठेवून पेपरातलं शब्दकोडं घ्यायचो. एवढी कोडी मी आयुष्यात सोडवली नव्हती.

आधी हे सांगतो, की मी लबाडी करत नव्हतो. किस्सा इतक्यांदा सांगितला, इतक्या जणांना हसवलं, की त्यातून ती पिशवी कधी गळून पडली ते मला कळलंच नाही. प्रत्येक वेळी सांगताना सासूबाईंच्या शेंगा वाढत गेल्या आणि पिशवी लहान होत गेली. तुझ्या पत्रात वाचेपर्यंत मला ती सापडतच नव्हती. आता हे खरं म्हणून सांगतोय, पण माझा मलाच त्यावर पूर्ण विश्वास नाही.

काल बागेत गेलो. फीत कापणाऱ्या माणसाकडून दारावर तिकीट घेतलं त्यांनी! टेकडीच्या दोनशे बारा पायऱ्या चढलो, चार वेळा बसलो. वरच्या स्थानकाच्या जागी आता आइस्क्रीमवाला आहे. त्याच्या टपरीमागे तो सिमेंटचा चौथरा अजून आहे आणि त्यात घंटेचा बोल्ट. त्या बोल्टवर हात ठेवून उभा राहिलो आणि सगळं आठवलं. आइस्क्रीमवाला म्हणाला, काका, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, नाही.

पिशवी अकराव्या पाळण्यातून गेली. सासूबाई चौदाव्यात होत्या.

म्हणजे दोरी रिकामी आहे असं मी तुला कळवलं, आणि तू माझ्यावर विश्वास ठेवलास. एवढीच तुझी चूक.

पिशवी आधी का पाठवली, ते आठवत नाही.

चौकशीच्या दिवशी मी तुझ्या शेजारच्या खुर्चीत होतो. साहेबांनी विचारलं, मोटार का बंद केली? तू म्हणालास, "सगळे उतरले असं वाटलं, माझी चूक झाली." मला वाटलं, आता हा पिशवीचं बोलेल. तू बोलला नाहीस. मग वाटलं, आता मी बोलावं. दोन पोरं, भाड्याचं घर, हे सगळं त्या वेळी डोक्यात आलं, पण ते कारण नव्हे. मी भ्यालो. तुझी नोकरी गेली, तू गाव सोडलंस, आणि मी त्याचा किस्सा केला. आणि वर तुला माफ केलं! ते पत्र आठवलं की कोपऱ्यावरच्या दुकानात दाढी करायला जायचीसुद्धा लाज वाटते.

फलक पंधरा तारखेला रंगाऱ्याकडे जाणार आहे. त्याआधी त्या पोरीला सांगायला हवं. सांगेन. पण कसं सांगू रे? ज्येष्ठ चालकाने जेवणाचा डबा वेळेआधी पाठवला म्हणून रोपवे बंद पडला, असं? शेजारच्या सोळा घरांना मी निमंत्रण देऊन बसलोय. कोटसुद्धा शिवून आला. काळाच घेतला.

भाऊजी


८ डिसेंबर

भाऊजी,

पायऱ्या चढायला नको होत्या. तुमचं वय झालं आहे, निदान पत्रिकेत तरी.

पिशवी आधी का पाठवली, ते तुम्हाला आठवत नसेल तर मला आठवतं. सोबत एक चिठ्ठी ठेवली आहे. कागद पिवळा पडलाय, अक्षर तुमचं आहे. इथे उतरवून देतो, कारण तुमचा चष्मा नेहमी दुसऱ्या खोलीत असतो:

"शालकमहाराज, तुमच्या भगिनीने आज भाजीत तीनदा मीठ घातले आहे. एक घास गिळून दाखवलात तर उद्याचा चहा माझ्यातर्फे. पिशवी लगेच वर पाठवा, शेवटी लागणार आहे."

म्हणजे तुम्ही विसरला नव्हता. तुम्ही परत पाठवायला सांगितलं होतं. मीच पिशवी उघडली नाही.

आता माझंही ऐका. पिशवी हातात घेतली तेव्हा ती जड होती. रिकाम्या डब्याची पिशवी अशी जड नसते, हे माझ्या हाताला कळलं होतं. पण चपलांचं दुकान सहाला बंद व्हायचं आणि लेक चार दिवस एकाच फाटक्या चपलेत फिरत होती. मी मनाशी म्हटलं, जेवले नसतील आज, आणि लिव्हर ओढला. तेव्हा माझ्याही वाट्याला थोडं येतं. पण फलकावर लिहिण्याएवढं येत नाही, एवढंच मला सव्वीस वर्षं वाटत आलंय.

चिठ्ठी त्याच दिवशी घरी गेल्यावर सापडली. चौकशीला ती माझ्या खिशात होती. तुम्हाला वाचवायला मी गप्प बसलो असं समजून उगाच डोळे पुसू नका. तुमचा मला इतका राग आला होता, की तुमचं नाव साहेबांना दोनदा सांगायची तयारी होती. पण चिठ्ठी दिली असती तर साहेबांनी ती सगळ्यांसमोर वाचली असती, आणि दुसऱ्या दिवसापासून माझी ताई बागेत 'जिच्या मिठाने रोपवे बंद पडला ती' झाली असती. भोंग्याने तर त्यावर गाणं रचून गाडीत म्हटलं असतं. ते मला चाललं नसतं.

आणखी एक, जे मी कुणालाच सांगितलेलं नाही. महिन्याभराने साहेबांच्या सासूबाईंनी मला स्वतः विणलेले पायमोजे पाठवले. आत एक ओळ होती: "अडीच तास जावई कानाशी बोलला नाही. उपकार विसरणार नाही." ते मोजे मी अजून थंडीत घालतो.

पोरीला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी काही सुचवणार नाही. फक्त चिठ्ठी ताईला दाखवू नका. मिठाचं तिला कळायला नको.

मेहुणा


१३ डिसेंबर

धाकट्या,

पाकीट मी उघडलं. या घरात येणारं प्रत्येक पत्र तेहतीस वर्षं मीच उघडत आलेय. तुम्हा दोघांना हे माहीत नाही, यातच तुमची अक्कल दिसते. आधीचीही सगळी वाचली. माफी परत पाठवलीस ते वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच हसत बसले होते.

आता ऐक. मीठ तीनदा नव्हतं घातलं, चारदा घातलं होतं. आणि चुकून नव्हतं घातलं.

सहा वर्षं मी तो डबा भरला, त्या पिशवीला तीनदा नवे बंद लावले. माझा डबा आणि माझी पिशवी रोज तळ्यावरून आकाशातून फिरून यायची. मी एकदाही बसले नव्हते. रोज विचारायचे, मला कधी बसवणार? रोज उत्तर ठरलेलं, "उद्या ये, उद्या गर्दी नसेल." आदल्या दिवशी मी दोन्ही पोरांना धुतलेले कपडे घालून बागेच्या दारापर्यंत आले होते. यांनी वरून निरोप पाठवला, आज फार गर्दी आहे, उद्या ये. धाकटा पोरगा रडत होता. तशीच परत फिरले. दुसऱ्या दिवशी मीठ घातलं. म्हटलं, एक दिवस उपाशी राहा, मग आठवेल. आणि त्या दिवसानंतर उद्या आलाच नाही. रोपवेच बंद झाला.

तेव्हा निष्काळजीपणा असलाच तर तो तुम्हा दोघांत वाटून घ्या. माझ्याकडे येऊ नका. मी फार काळजीपूर्वक मीठ घातलं होतं.

दोन दिवसांनी तू डबा आणून दिलास, घासून, पुसून, रिकामा. भाजीबद्दल अवाक्षर बोलला नाहीस. मी त्यावर काहीतरी ऐकायची तयारी ठेवली होती, आणि तू "येतो ताई" म्हणून निघून गेलास. तेव्हाच मला कळलं, की काहीतरी फार बिनसलंय आणि त्यात माझा डबा आहे. मी विचारायला हवं होतं. माझा भाऊ माझ्या डोळ्यांसमोर गावातून गेला आणि मी विचारलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. आज विचारते. ती भाजी तू खाल्लीस की टाकलीस? खरं सांग.

आता यांचं. काल सकाळी यांनी तो काळा कोट चढवला आणि कुणाला काही न सांगता निघाले. मी मागोमाग गेले. कचेरीत त्या पोरीसमोर बसून यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. पिशवी, चिठ्ठी, अकरावा पाळणा, चौकशीतली खुर्ची, सगळं. एकदाही विनोद केला नाही. तेहतीस वर्षांत मी यांना एवढा वेळ सरळ बोलताना पाहिलेलं नाही. माझ्या मिठावर आले तेव्हा अडखळले, म्हणून ते मीच सांगितलं. पोरगी आधी खूप हसली आणि मग तिने उठून खिडकी उघडली.

मग तिने फलक नवा लिहायला घेतला. म्हणाली, जागा मापाची आहे, ओळी तेवढ्याच हव्यात. आता तो असा आहे:

"रोपवे : प्रवेशद्वारापासून तळ्यापलीकडील टेकडीपर्यंत जाणारी चोवीस पाळण्यांची ही सफर अकरा वर्षे चालली. वरच्या स्थानकावरील चालकाने जेवणाचा डबा वेळेआधी खाली पाठवल्याने ती बंद पडली. खालच्या स्थानकावरील कर्मचाऱ्याने सगळा दोष स्वतःवर घेतला. त्याची काहीही चूक नव्हती."

शेवटचं वाक्य यांचं. पोरगी म्हणाली, काका, एक शब्द जास्त होतोय, 'काहीही' काढू का? हे म्हणाले, "त्याऐवजी 'ज्येष्ठ' काढ." तिने वरच्या ओळीत आधी 'ज्येष्ठ चालकाने' लिहिलं होतं. ते खोडलं. पत्रिका छापून झाल्यात, त्यात ज्येष्ठ आहे, पण भिंतीवर नाही. पिशवी जड होती हे तुझं तुझ्यापाशी ठेव. भिंतीवर त्याला जागा नाही.

फीत आता हे कापत नाहीत. म्हणतात, मेहुण्याने कापावी. आणि मी म्हणते, फीत कुणीही कापा, पण त्या दिवशी पहिला मान माझा.

त्यांनी गोदामातून चौदा नंबरचा पाळणा काढलाय. रंगवून, तुझ्या खालच्या स्थानकाच्या जागी लोखंडी कमानीला टांगणार आहेत, लोकांना फोटो काढायला. दोरी नाही, मोटार नाही, तो कुठे जाणार नाही, हे मला कळतं. तरी मी त्यात बसणार आहे. जमिनीपासून वीतभर वर राहतील माझे पाय. तेवढं मला पुरे.

तेव्हा गुडघा घेऊन ये, लेकीला आण, नातीला आण. तिला त्या फलकासमोर उभी कर आणि घसा ताणून वाचू दे, आजूबाजूच्या सोळा घरांना ऐकू जाईल असं. शेवटचं वाक्य दोनदा. 'म्हणजे काय' विचारलं तर हे सांगतील, त्यांनी कबूल केलंय.

तू तुझ्या जागी लिव्हरपाशी उभा राहायचं. लिव्हर नाही, पण तू उभा राहा. हे घंटेपाशी. घंटा कचेरीत सापडलीय, ती वाजते. मी यांना बजावून ठेवलंय, तुलाही बजावते. मी बसले की घंटा एकच वाजली पाहिजे. तीन वाजवल्यात, तर त्या दिवशीचे डबे मीच भरणार आहे, दोघांचेही.

तुझी ताई